साऊंड चेक

अधिवेशनाच्या आदल्या रात्री अकरा वाजता
कस्तुरचंद पार्कवर फक्त आम्ही होतो,
धकाते साऊंड सर्व्हिस, गोळीबार चौक:
मी, दोन पोरं, चोवीस कर्णे
आणि दव खात बसलेल्या पंधरा हजार खुर्च्या.

सूत्रसंचालक आले मफलर गुंडाळून,
म्हणाले, जरा आवाज पाहून घेतो.
आणि त्या रिकाम्या मैदानाला त्यांनी सांगितलं
की नरहरबाबूंची अध्यक्षपदी
एकमतानं निवड झाली आहे.
मग थांबले. ओठातल्या ओठात सातपर्यंत मोजलं.
मला म्हणाले, "टाळ्यांसाठी."
एलआयसीच्या इमारतीवर आपटून
नाव परत आलं.
मी ट्रेबल थोडा कमी केला.

चंपतरावांना हे कळायला पहाटेचे साडेचार वाजले,
रवी भवनातल्या कुठल्याशा खोलीत.
चहावाला पोरगा सांगत होता,
सहा कप आत गेले,
एक तसाच परत आला, साय धरलेला.

सकाळी गाड्या लागल्या.
आर्वीच्या, तिरोड्याच्या, ब्रह्मपुरीच्या,
उमरखेडची तर रात्रभर चालून आलेली.
गळ्यात बिल्ला पडला, बिल्ल्यावर 'प्रतिनिधी',
की माणूस एकदम ताठ चालायला लागतो,
पाय सुजलेले असले तरी.
खरी मोजणी तर्री-पोह्याच्या गाडीवर होऊन राहिली होती:
कोण कोणाच्या प्लेटीजवळ उभा,
कोणाला पाहून कोण हात धुवायला गेला.

मी बापाला विचारलं होतं एकदा,
तोही याच धंद्यात, कर्णे सायकलवर न्यायचा तेव्हा,
सारं ठरलेलंच असते, तर मंडप कशाले?
तो म्हणाला, "लग्नही ठरलेलंच असते ना बे.
मंग अक्षता काहून वाटतात?
हजार माणसानं पाह्यलं,
की मंग मागं सरता येत नाही."

दुपारी ठराव क्रमांक चार.
दुरुस्ती सुचवायला उठल्या
सगुणाबाई कुमरे, तालुका कुरखेडा.
वेळ दोन मिनिटं.
माइक उंच होता, कोणी खाली केला नाही,
त्या टाचा उचलून बोलल्या:
"नाव वाचायच्या आधी
एक कोरा कागद आमच्यातून फिरवायचा होता.
या एकमतात माझं मत कुठं ठेवलं,
तेवढं दाखवा."

मंचावरून दोन बोटं खाली झाली.
तीस वर्षांची सवय आहे हाताला.
त्यानं मला विचारलं नाही.

त्या बोलतच राहिल्या.
आवाज पायाशी पडतोय हे कळलं त्यांना,
तरी बोलत राहिल्या.
पहिल्या चार रांगांना ऐकू जात होतं.
मग पाचवी रांग गप्प झाली, ऐकायला.
मग सहावी.

एवढ्यात नाव पुकारलं.
हात वर झाले, अख्खं मैदान हातांचं,
आणि मंचावर सगळ्यात आधी चंपतरावांचा,
बाही घसरली, घड्याळ दिसलं.
दोघांनी मिठी मारली.
कॉलरचा माइक चालू होता,
हेडफोनात मला फक्त श्वास ऐकू आला,
दोन म्हाताऱ्यांचा,
कोणाचा कोणता ते नाही सांगता येणार.

टाळ्या मी मोजल्या.
सात नाही, अकरा.
लोक ठरवलेल्यापेक्षा जास्तच देतात.

अंधार पडताना वायर गुंडाळत होतो,
तर त्या आल्या, बिल्ला हातात काढलेला.
"माझा बंद केला होता ना तुम्ही?"
हो म्हटलं.
"बस. तेवढंच विचारायचं होतं.
मला वाटलं, मीच हळू बोलली."
आणि गाडी सुटेल म्हणून निघाल्या,
संत्र्याच्या साली तुडवत, झिरो माइलच्या बाजूनं.

दुसऱ्या दिवशी बिल केलं.
कर्णे चोवीस, माइक पाच, भाडं चारचं.
मालक म्हणाला, एक काहून सोडला?
म्हटलं, दोन मिनिटं बंद होता.